तलंगा अंड्यावर येण्याची नेमकी लक्षणे कोणती?

परसदार
नमस्कार. गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त होऊन मी राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घरी राहावयास आलो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या कोंबडीखाली निघालेली नऊ गावरान पिल्ले मी घेतली. त्यांपैकी तीन नर निघाले आणि सहा तलंगा, म्हणजे अद्याप अंडी न देणाऱ्या तरुण माद्या. जुलैमध्ये एका परिचितांनी दोन कडकनाथ तलंगा दिल्या, परंतु त्यांचे नेमके वय त्यांना सांगता आले नाही. गावरान तलंगांना आज २३ आठवडे पूर्ण झाले आणि अद्याप एकही अंडे दिसलेले नाही.

आमच्या घरात यावरून दोन पक्ष पडले आहेत. पत्नीचे म्हणणे असे की, गोकुळाष्टमीपासून दोघींचे तुरे लाल होऊ लागले आहेत, तेव्हा आज-उद्या अंडे मिळणारच. शेजारच्या काकू ठामपणे सांगतात की, पावसात गावरान तलंग अंडे देत नाही, दसरा होऊ द्यावा. मी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे तयार खाद्य आणून ठेवले आहे, पण ते आत्ताच सुरू करावे की नाही, हे मला ठरवता येत नाही. तलंग अंड्यावर येण्यापूर्वीची खात्रीची लक्षणे कोणती, आणि ती पहिल्या अंड्याच्या किती दिवस आधी दिसतात, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

लालतुरा
दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे लेखी देण्यास सांगावे आणि निकाल तलंगेवर सोडावा. माझा आयडी पाहता मी वहिनींच्या पक्षात असणार, हे उघड आहे.

घाटावरची
आमच्या सातारा भागात माझी आजी तुऱ्याकडे पाहतही नसे. संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकताना ती संशय असलेली तलंग काखेत धरायची, शेपटी वर करून तिच्या खालची दोन टोकदार हाडे बोटांनी चाचपायची आणि लगेच सांगायची की, ही अजून महिनाभर काही देत नाही किंवा हिची जागा करून ठेवा. त्या दोन हाडांच्या मध्ये एकच बोट मावत असेल, तर तलंग कच्ची. दोन बोटे सहज मावू लागली आणि हाडांची टोके कडक न लागता थोडी लवचिक लागू लागली, तर ती आठ-पंधरा दिवसांत अंडे देणार, असे तिचे गणित होते. ते चुकल्याचे मला आठवत नाही. अर्थात चुकले असेल तेव्हा ती आम्हाला सांगत नसावी, हेही शक्य आहे.

आणखी एक गोष्ट ती पाहायची. तलंगा गोठ्याच्या भिंतीचा चुना टोचून खाऊ लागल्या की, ती आजोबांना म्हणायची, “आता अंडी आली.” भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यातला चुना दरवर्षी गायब झालेला असे. चुन्याचा आणि अंड्याचा संबंध काय, हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

लालतुरा
घाटावरचीताई, दोन बोटे मावली पाहिजेत हे मान्य, पण कोणाची? माझ्या दोन बोटांत आमच्या सौभाग्यवतींची तीन बोटे सहज बसतात.

निवृत्त पशुवैद्य
लालतुरा यांनी विनोदाने विचारलेला प्रश्न खरे तर महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. बोटांचे माप हे पुस्तकांतही सांगितलेले असते, परंतु ते मुख्यत्वे दीड-दोन किलो वजनाच्या संकरित किंवा विदेशी कोंबड्यांसाठी आहे. सव्वा किलोच्या गावरान तलंगेत दीड बोटाचे अंतर झाले तरी ती तयार असू शकते. म्हणून एकदाच माप घेऊन निर्णय करू नये. प्रत्येक तलंगेच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा सैलसर बांधावा, दर चार-पाच दिवसांनी एकाच माणसाने एकाच हाताच्या बोटांनी चाचपावे आणि काय बदलले ते वहीत लिहावे. आकड्यापेक्षा बदल अधिक बोलका असतो. हे काम रात्री, पक्षी दांडीवर बसल्यानंतर करावे, म्हणजे पळापळ होत नाही आणि त्यांना धसका बसत नाही.

चाचपताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. छातीच्या उभ्या हाडाचे मागचे टोक आणि ही दोन टोकदार हाडे यांच्यामधील पोटाचा भाग कच्च्या तलंगेत लहान आणि ताठ असतो. अंडनलिका वाढू लागली की तो रुंद आणि मऊ होतो. दुसरी गोष्ट गुदद्वाराची. कच्च्या तलंगेचे गुदद्वार लहान, गोल, कोरडे आणि आवळलेले असते; अंड्यावर येणाऱ्या तलंगेचे मोठे, आडवे, ओलसर आणि सैल होत जाते. माझ्या मते सर्व लक्षणांत हेच सर्वांत विश्वासार्ह आहे, कारण ऊन, भीती किंवा धावपळ यांमुळे ते बदलत नाही.

आता चुन्याविषयी. घाटावरची यांच्या आजींचे निरीक्षण अचूक होते. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवू लागते आणि त्याच्या प्रभावाने पायांच्या लांब हाडांतील पोकळीत कॅल्शियमचा एक खास, तात्पुरता साठा तयार होतो. कवच बनण्यास सुमारे वीस तास लागतात, त्यांतील बराच काळ रात्रीचा असतो, आणि रात्री कोंबडी काही खात नाही; तेव्हा ती या साठ्यातून कॅल्शियम काढते. मोठ्या अंड्याच्या एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. हा साठा भरण्यासाठी तलंगेला अचानक चुन्याची भूक लागते आणि ती भिंत टोचते. म्हणजे हे लक्षण अंधश्रद्धा नसून तुऱ्याच्या लालीइतकेच शास्त्रीय आहे.

परसदार
डॉक्टरसाहेब आणि घाटावरचीताई, मनःपूर्वक आभार. आमच्या घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या असून त्यांना चुना नाही, त्यामुळे ते लक्षण दिसण्याची सोय नाही. मात्र, आमच्याकडे खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांची शिंपले भरपूर असतात. ती कुटून ठेवली तर चालतील का?

निवृत्त पशुवैद्य
उत्तम चालतील. स्वच्छ धुऊन, वाळवून, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे होतील इतपत कुटावीत. पीठ करू नये, कारण जाडसर तुकडे पोटात सावकाश विरघळतात आणि रात्रभर पुरतात. मात्र, ती खाद्यात मिसळू नयेत, वेगळ्या भांड्यात ठेवावीत.

काळी पिसे
मी नाशिकजवळ चार वर्षे कडकनाथ पाळतो आहे, म्हणून परसदार यांच्या त्या दोन तलंगांविषयी लिहितो. त्यांचा तुरा लाल होण्याची वाट पाहू नका. कडकनाथची कातडी, तुरा, गळ्याखालच्या लोळ्या आणि हाडेसुद्धा काळसर असतात. तुरा फार तर जांभळट दिसतो. या पक्ष्यात तुऱ्याचा रंग नव्हे, तर आकार आणि तजेला पाहावा. लहान, सुरकुतलेला, धुरकट तुरा मोठा, मांसल आणि तेल लावल्यासारखा चकचकीत झाला की दिवस भरत आले, असे समजावे. माझ्याकडे बहुतेक तलंगा सहा महिन्यांच्या आसपास अंड्यावर येतात, क्वचित एखादी सात महिनेही घेते.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातील झाबुआ भागाचा, आणि त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्यानंतर आपल्याकडे कडकनाथ म्हणून काय काय विकले गेले, हा वेगळा धागा होईल. आपल्या तलंगांची जीभ आणि पायांचे तळवे काळसर आहेत का, हे एकदा पाहून घ्यावे. संकरित असतील तर वयाचा अंदाज बदलेल.

रात्रपाळी
तुऱ्यावर इतका अविश्वास दाखवू नये, असे मला वाटते. माझ्याकडे दहा वर्षांत पन्नासेक तलंगा झाल्या असतील, त्यांत गिरिराज, वनराज आणि ऱ्होड आयलंड रेड होत्या. फिकट गुलाबी तुरा तीन-चार आठवड्यांत मोठा आणि रक्तासारखा लाल झाला की अंडी येतात, हे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे. तुऱ्याकडे लांबूनही पाहता येते. प्रत्येक पक्षी रात्री पकडून त्याची शेपटी उचलणे सर्वांना जमणारे नाही.

निवृत्त पशुवैद्य
रात्रपाळी, आपले निरीक्षण चुकीचे नाही, फक्त ते मोठ्या एकेरी तुऱ्याच्या जातींना लागू आहे. तुरा अंडाशयातील संप्रेरकांमुळेच वाढतो, त्यामुळे तो खरा साक्षीदार आहे. मात्र तो सहज फितूर होतो. उन्हात धावलेली, घाबरलेली किंवा नुकतीच भांडलेली तलंग लाल दिसते. उलट, पोटात जंत असलेली किंवा पिसवांनी त्रासलेली तलंग अंड्यावर येण्याइतकी वाढलेली असूनही फिकट राहते. असिलसारख्या जातींत तर तुराच मुळात वाटाण्याएवढा असतो. तिथे किती लाली आणि कशी मोजणार? तुरा पाहायचाच असेल तर सकाळी, पक्षी बाहेर सोडण्यापूर्वी पाहावा.

निरागस
एक अगदी प्राथमिक शंका आहे. तलंगेला अंडे देण्यासाठी कोंबडा लागत नाही का? परसदार यांनी नरांचे काय केले, हे लिहिलेले नाही.

परसदार
दोन नर श्रावणापूर्वी गेले, एक ठेवला आहे. कोठे गेले हे श्रावण पाळणाऱ्या सभासदांपुढे सांगणे बरे दिसणार नाही.

घाटावरची
निरागस, कोंबडा नसला तरी तलंग अंडी देते, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. मात्र कोंबडा असल्यास एक फायदा होतो, तो असा की तलंग वयात आली हे त्याला आपल्या आधी कळते. तो तिच्याभोवती एक पंख जमिनीला घासत फिरू लागतो, दाणा सापडला की “कुक् कुक्” करून तिला बोलावतो, आणि एके दिवशी ती पळून न जाता त्याच्यापुढे खाली बसते. त्या दिवसापासून मोजायला लागावे.

थेम्सकाठ
घाटावरचीताईंनी सांगितलेले ते खाली बसणे आमच्याकडे कोंबड्याशिवायही दिसते. मी गेली सहा वर्षे इंग्लंडमध्ये घरामागे चार-पाच कोंबड्या पाळते. माणसाळलेल्या तलंगेच्या पाठीवर हात नेला असता ती पळून न जाता पाय दुमडून, पंख किंचित पसरून, पाठ सपाट करून जमिनीला चिकटून बसते. हे दिसल्यावर माझ्याकडे पहिले अंडे सहसा आठ-दहा दिवसांत मिळाले आहे. माणसाला लाजणाऱ्या, दिवसभर रानात हिंडणाऱ्या गावरान तलंगेत हे दिसेल का, याविषयी मात्र मला शंका वाटते.

एक अपवादही सांगते. मे महिन्यात जन्मलेल्या माझ्या तीन ससेक्स तलंगा ऑक्टोबरमध्ये अशा बसू लागल्या, तुरे लाल झाले, हाडे रुंदावली, आणि तरीही अंडे थेट फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाले. डिसेंबरअखेर आमच्याकडे दिवस आठ तासांचाही राहत नाही, आणि कोंबडीचे शरीर दिवसाची लांबी मोजत असते. सर्व तयारी झालेली असताना दिवस आखडत गेला की गाडी तिथेच थांबते.

येथील एक नियम भारतातील वाचकांना चमत्कारिक वाटेल. ज्या स्वयंपाकघरात मांस, मासे किंवा दूधही हाताळले जाते, तेथील उरलेसुरले अन्न, अगदी भाजीची देठेसुद्धा, कोंबड्यांना घालण्यास येथे कायद्याने बंदी आहे. माझ्या आईला हे फोनवर सांगितले, तेव्हा तिने मला पुन्हा दोनदा विचारले.

लालतुरा
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो; पण उजाडायचं राहिलं तर कोंबडी अंडं द्यायची राहते, ही उलट बाजू आज कळली.

पाच हजारी
माझी सांगली जिल्ह्यात पाच हजार पक्ष्यांची लेअर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांची, शेड आहे. आमच्या पांढऱ्या तलंगा १८-१९ आठवड्यांत अंड्यावर येतात आणि त्या वेळी त्यांचे वजन सव्वा किलोच्या आसपास असते. आम्ही एकेकीची हाडे चाचपत बसत नाही. आम्ही दर आठवड्याला ठरावीक पक्षी वजन करतो आणि वजन भरल्यावरच उजेडाचे तास थोडे थोडे वाढवत १६ पर्यंत नेतो. वजन भरण्याआधी दिवे लावले, तर तलंग लहान वयात अंडी देऊ लागते, अंडी बारीक राहतात आणि पुष्कळ वेळा जोर लावताना अंडनलिका बाहेर येते. ती लाल दिसली की बाकीच्या टोचतात आणि पक्षी हातचा जातो. पहिल्या वर्षी अंड्यांची घाई करून माझे बरेच पक्षी असे गेले, म्हणून परसदार यांना विनंती आहे की, थेम्सकाठताईंचा मुद्दा वाचून उद्याच खुराड्यात दिवा टांगू नये.

खाद्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. पहिले अंडे मिळेपर्यंत लेअर खाद्य देऊ नका. वाढीच्या खाद्यात सुमारे एक टक्का कॅल्शियम असते आणि लेअर खाद्यात साडेतीन ते चार टक्के. ज्या तलंगेला कवच बनवायचेच नाही, तिला कित्येक आठवडे इतके कॅल्शियम दिले तर ते मूत्रपिंडांना त्रास देते.

रात्रपाळी
पहिल्या अंड्यापर्यंत थांबणे मला पटत नाही. डॉक्टरसाहेबांनीच वर सांगितले की हाडांतील साठा दोन आठवडे आधी भरतो. मग तो भरण्याच्या काळातच कॅल्शियम कमी दिले, तर पहिली अंडी बिनकवचाची निघणारच. मी तुरे लाल होताच खाद्य बदलतो आणि माझे कधी बिघडलेले नाही.

पाच हजारी
आपल्या तलंगा पाच असतात, माझ्या पाच हजार. आपल्याकडे एक आजारी पडली तर ती आजारी कोंबडी असते. माझ्याकडे टक्केवारी असते.

निवृत्त पशुवैद्य
आपले दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे, परंतु परसदार यांची अडचण या दोहोंपेक्षा वेगळी आहे. त्यांच्याकडील आठ तलंगा एकाच दिवशी तयार होणार नाहीत. पहिली आणि शेवटची यांत महिनाभराचेही अंतर पडू शकते. सर्वांना लेअर खाद्य दिले तर मागे राहिलेल्यांना ते जास्त होते, आणि कोणालाच दिले नाही तर पुढे गेलेल्यांना कमी पडते. म्हणूनच मी शिंपले वेगळी ठेवण्यास सांगितले. खाद्य वाढीचेच ठेवावे. जिला गरज असेल ती शिंपल्यांकडे जाईल, आणि जिला नसेल ती बहुधा एक-दोन तुकडे टोचून सोडून देईल. निम्म्या तलंगा अंडी देऊ लागल्या की खाद्य बदलावे.

आता शेजारच्या काकूंविषयी. त्यांचा अंदाज मला बरोबर वाटतो, कारण मात्र वेगळे आहे. आपल्याकडे होळीच्या सुमारास कोंबड्या अंडी उबवण्यासाठी खुडूक बसतात, एप्रिलमध्ये पिल्ले निघतात, आणि गावरान तलंग साधारण २४ ते २८ आठवड्यांत अंड्यावर येते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून २६ आठवडे मोजले तर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा येतो, म्हणजे दसऱ्याच्या आसपासचे दिवस. काकूंनी आयुष्यभर हेच पाहिले आणि त्याचे श्रेय पाऊस थांबण्याला दिले. दिवसाच्या लांबीचा विचार केला, तर रत्नागिरी जिल्ह्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. हा फरक इंग्लंडसारखा अंडी रोखून धरणारा नाही. पावसाचा संबंध असेलच तर तो ओल्या जमिनीतून वाढणाऱ्या जंतांशी आहे, त्यामुळे जंताचे औषध दिले नसेल तर ते आधी द्यावे.

काळी पिसे
पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत पाय आणि चोच फिकट पडतात, तेही लक्षण आहे ना? कोणीच लिहिले नाही.

निवृत्त पशुवैद्य
लक्षण आहे, पण ते पुढचे नव्हे, मागचे. अंडी सुरू झाल्यानंतर खाद्यातील पिवळा रंग बलकाकडे जाऊ लागतो आणि कातडीतला कमी होतो. आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्यांच्या कडांचा, मग चोचीचा आणि सर्वांत शेवटी पायांचा. म्हणून तलंगेचे पाय फिकट झालेले आढळले आणि अंडे एकही दिसलेले नसेल, तर अंडी दुसरीकडे कोठेतरी पडत आहेत, असे समजावे.

घाटावरची
हा मुद्दा आधीच यायला हवा होता. परसदार, तुमच्या तलंगा अंडी देतच नाहीत, हे तुम्ही कशावरून ठरवले? मोकळ्या फिरणाऱ्या तलंगेला डालग्यापेक्षा करवंदीची जाळी आणि गवताची उडवी अधिक आवडते. आमच्याकडे एका उडवीत सतरा अंडी सापडली होती, आणि त्यांच्या शेजारी वेटोळे घालून बसलेली धामणही. आठवडाभर सकाळी त्यांच्या हालचाली पाहा. अंड्यावर आलेली तलंग एकटी पडते, कोपऱ्यांत डोकावते, पायाने खळगा करून त्यात गोल फिरते, काड्या उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते आणि रडवेला, लांबलचक आवाज काढते. अंडे घातल्यावरचा “कॉक कॉक कॉकाक” वेगळा. त्याआधीचा हा आवाज कुरकुरीचा असतो.

खात्री करायची असेल तर तीन-चार दिवस त्यांना अकरा-साडेअकरापर्यंत खुराड्यातच ठेवा, कारण बहुतेक अंडी सकाळीच पडतात. कोपऱ्यात एखादी टोपली पेंढा घालून ठेवा आणि तिच्यात अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा गोटा ठेवा. टेबल टेनिसचा चेंडू ठेवू नका. तो हलका असल्यामुळे आमच्या एका तलंगेने तो सारे अंगण फिरवला होता.

परसदार
सर्व सूचना लिहून घेतल्या आहेत. दोरे बांधले, जंताचे औषध दिले, टोपलीत नदीतला गोटा ठेवला. आजची मापे अशी आहेत: पाच गावरान तलंगांत जेमतेम एक बोट, चितकबऱ्या तलंगेत एक बोट आणि वर थोडी जागा, कडकनाथ दोघींत एकेक बोट. ज्या दोघींचे तुरे लाल आहेत, त्यांपैकी लाल दोऱ्याच्या तलंगेत तर एक बोटही नीट मावत नाही. पत्नीस हे मान्य नाही. माझी बोटे जाड असल्याचे तिचे म्हणणे आहे.

लालतुरा
पाहा, मी आधीच विचारले होते.

परसदार
तीन आठवड्यांनी पुन्हा येत आहे, कारण आज सकाळी पहिले अंडे मिळाले. वय २६ आठवडे; दसरा आमच्याकडे नुकताच झाला, त्यामुळे काकूंना आनंद झाला आहे आणि त्यांचे श्रेय मी त्यांना देऊन टाकले आहे. अंडे फिकट बदामी, स्वयंपाकघरातील काट्यावर ३० ग्रॅम भरले, कवचावर रक्ताची बारीक रेघ होती.

चार दिवस सकाळी कोंडून ठेवल्यावर एकही अंडे मिळाले नव्हते, म्हणजे तलंगा लपूनही अंडी देत नव्हत्या, हे आधीच स्पष्ट झाले होते. वहीत नोंदी अशा आहेत. चितकबऱ्या तलंगेचे अंतर सतरा दिवसांत एका बोटावरून पावणेदोन बोटांवर गेले. गेल्या सहा दिवसांत तिचे गुदद्वार ओलसर आणि मोठे झाले. शिंपल्यांच्या भांड्यापाशी ती रोज दिसू लागली. तिचा तुरा मात्र अगदी लहान, दाट आणि फिकटच आहे. शेजारच्या काकू म्हणतात की तिच्या आज्याकडून असिलचे रक्त आलेले असावे. लाल दोऱ्याच्या तलंगेचा तुरा आता जास्वंदीसारखा झाला आहे आणि तिचे अंतर अद्याप सव्वा बोट आहे.

अंडे टोपलीत मिळाले नाही. शिंपल्यांचा चुरा ज्या फुटक्या मडक्यात ठेवला आहे, त्यातच चुऱ्यावर खळगा करून तिने ते घातले. टोपलीतील गोट्यावर मात्र एक कडकनाथ दोन दिवस बसत आहे, उठत आहे, आणि अजून काही देत नाही.

रात्रपाळी
अभिनंदन. तुरा वाटाण्यासारखा असेल तर माझा नियम लागू नाही, हे मी मान्य करतो. लाल दोऱ्याच्या तलंगेविषयी मात्र मी अजून ठाम आहे.

निवृत्त पशुवैद्य
अभिनंदन. रक्ताची रेघ पहिल्या काही अंड्यांवर दिसते, काळजी करू नये. पुढील दोन-तीन आठवड्यांत एखादे बिनकवचाचे, एखादे बलक नसलेले किंवा दोन बलकांचे अंडे मिळाले तरी घाबरू नये; लय बसण्यास वेळ लागतो. रोज एक अंडे मिळेल, अशी अपेक्षाही ठेवू नये. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी देऊन खुडूक बसते आणि वर्षाला साधारण साठ-सत्तर अंड्यांवर थांबते. खाद्य आत्ताच बदलू नका. आठांपैकी चार होऊ द्या.

थेम्सकाठ
मडके तिथून हलवू नका. पहिली जागा जी ठरते, ती बदलायला फार दिवस लागतात. शिंपल्यांसाठी दुसरे भांडे ठेवा.

परसदार
हा सल्ला तासभर उशिरा मिळाला. मडके हलवले होते. आता परत त्याच जागी ठेवले आहे आणि चितकबरी त्याच्याभोवती दोनदा फिरून गेली.

घाटावरची
लाल दोऱ्याच्या तलंगेचे पुढचे माप कधी घेणार आहात?

परसदार
आज रात्री, वीज गेली नाही तर टॉर्चशिवाय, आणि गेली तरी टॉर्चशिवायच. कारण उजेड दिसला की ती दांडीवरून उडी मारते. या वेळी माप पत्नी घेणार आहे.